नाळेतलं रक्त साठवावं का? दादरमधल्या एका घरचं प्रकरण

प्रकरण असं. दादरला राहणारं एक जोडपं, दोघंही नोकरी करणारे, पहिलं बाळंतपण, सातवा महिना नुकताच लागलेला. एका खासगी कंपनीने बाळाच्या नाळेतलं रक्त ७५ वर्षं साठवून ठेवण्याचं पॅकेज त्यांच्यापुढे ठेवलेलं. रक्कम साठ-सत्तर हजारांच्या घरात, हप्त्यांची सोय. सही करायची की नाही, एवढाच प्रश्न. मुलगी माझी भाची आणि मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून फाइल माझ्याकडे आली. तिच्या आणि जावईबापूंच्या परवानगीने लिहिते आहे. नावं, दवाखाना आणि कंपनी मुद्दाम बाहेर ठेवली आहेत.

इतकं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे हाच प्रश्न मला सतत कोणी ना कोणी विचारतं. 'घ्या' किंवा 'नको' असं एका शब्दात सांगून भागत नाही, कारण इथे विकली जाते ती आजची वस्तू नव्हे, पन्नास वर्षांनंतरच्या विज्ञानावरचा हक्क. तो हक्क खरोखर मिळतो का, हे बघायला त्या विज्ञानाची दिशा बघावी लागते. आणि या घरात तर करारापेक्षा कितीतरी मोलाचा कागद त्याच फाइलमध्ये मागे लागलेला होता. त्याच्याकडे शेवटी येते.

प्रस्ताव कसा आला

गर्भसंस्काराच्या वर्गातून. एक छोटा हॉल, शनिवारची दुपार, दहा-पंधरा जोडपी. श्वासाचे व्यायाम झाले, आहारावर बोलणं झालं, राजगिऱ्याचे लाडू झाले आणि शेवटच्या अर्ध्या तासात पडद्यावर 'स्टेम सेल' आले. वर्ग मोफत होता, खर्च कंपनीचा. बोलणारी मुलगी तिशीच्या आतली, नम्र, मुद्देसूद. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिला जे शिकवलं होतं ते ती नीट सांगत होती. भाचीने मुद्दे वहीत उतरवून घेतले होते. नाळेतल्या रक्ताने ८०हून अधिक आजारांवर उपचार होतात. स्वतःचंच रक्त, म्हणजे शंभर टक्के जुळणार. विज्ञान पुढे जाईल तशी आजारांची यादी वाढत जाणार. आणि ही संधी आयुष्यात एकदाच, बाळंतपणानंतरच्या काही मिनिटांत. या शेवटच्या ओळीखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या.

जावईबापू म्हणाले, "मावशी, पैशांचं काही नाही हो. पण उद्या बाळाला काही झालं आणि आपण सत्तर हजारांकडे बघून नाही म्हटलं होतं हे आठवलं, तर?"

सासूबाईंचं म्हणणं, "आमच्या वेळी वार पुरून टाकायचे. आता तिचा उपयोग होतो म्हणतात, तर ठेवू दे की."

भाचीचा प्रश्न सगळ्यात सरळ होता. "मावशी, तू एवढंच सांग, हे खरं आहे का?"

खरं आहे, पण कोणाच्या बाबतीत, हे पॅकेज विकताना सांगितलं जात नाही.

यात खरं काय आहे

१९८८ मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा रक्ताचा जन्मजात आजार झालेल्या एका लहान मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. नाळेतल्या रक्ताचं जगातलं हे पहिलं प्रत्यारोपण, आणि ते यशस्वी झालं. या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) असतात, अस्थिमज्जेत असतात तशाच. मज्जेपेक्षा त्यांचा एक गुण वेगळा: देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा ऊतीगट (शरीर ज्यावरून आपलं-परकं ओळखतं त्या पेशींवरच्या खुणा) थोडा कमी जुळला तरी त्या चालतात. नाळ बांधून कापल्यावर तिच्यात आणि वारेत उरलेलं रक्त पिशवीत घेतात. ते साधारण ५० ते १०० मिलिलिटर भरतं. त्यावर प्रक्रिया करून ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना ठेवतात. २७ वर्षं गोठवून ठेवलेल्या नमुन्यातल्या पेशी जिवंत आणि कामाच्या निघाल्याचं प्रयोगशाळेत दाखवलेलं आहे. तेव्हा 'हे सगळं थोतांड आहे' असं जे सरसकट म्हटलं जातं, ते मला मान्य नाही. तंत्र पक्कं आहे. ८० आजारांची यादीही नाळेतल्या रक्ताच्या बाबतीत खरी आहे.

फक्त त्या यादीतले बहुतेक रुग्ण दुसऱ्या कोणाच्या तरी नाळेतल्या रक्ताने बरे झाले. पॅरिसचा तो मुलगाही बहिणीच्याच रक्ताने बरा झाला.

यादी घेऊन बसलं की हे लगेच दिसतं. थॅलेसेमिया, सिकलसेल, जन्मजात प्रतिकारशक्तीचे आजार: यांत दोष जनुकात असतो, आणि बाळाच्या प्रत्येक पेशीत तो असतो, नाळेतल्याही. तेच रक्त परत दिलं तर तोच आजार परत दिला. रक्ताच्या कर्करोगाचं वेगळं. ब्रिटिश कर्करोग-संशोधक मेल ग्रीव्ह्ज यांच्या गटाने ल्युकेमिया झालेल्या मुलांचे जन्मानंतर टाचेतून घेतलेले रक्ताचे जुने ठिपके तपासले, तेव्हा अनेकांत कर्करोगाकडे नेणारा पहिला बदल जन्माच्या वेळीच हजर होता. अशा मुलाच्या नाळेतल्या रक्तातही तो असण्याची भीती असतेच. शिवाय ल्युकेमियात परक्या दात्याच्या पेशी उरल्यासुरल्या कर्करोगपेशींना शत्रू म्हणून ओळखतात आणि मारतात. स्वतःच्या पेशी त्यांना ओळखत नाहीत. 'शंभर टक्के जुळतं' हा पॅकेजमधला सगळ्यात आकर्षक मुद्दा, आणि इथे तोच अडचणीचा ठरतो.

मग मात्रेचा प्रश्न. प्रत्यारोपणाला रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किमान अडीच ते तीन कोटी पेशी लागतात. नमुना चांगला असेल तर त्यात शंभर कोटी पेशी मिळतात, म्हणजे फार तर चाळीस किलोच्या माणसाला पुरतील इतक्या. आठ वर्षांच्या मुलाला चालेल; चाळिशीतल्या माणसाला नाही. पॅकेज ७५ वर्षांचं आणि रक्त शाळकरी वयापर्यंत पुरेल एवढं, ही विसंगती मी जावईबापूंना आकडेमोड करून दाखवली. ते हिशेबाचे माणूस आहेत; या एका गोष्टीने ते जितके थबकले तितके बाकी कशानेच नाही.

पहिल्या २० वर्षांत स्वतःचं साठवलेलं रक्त लागण्याची शक्यता अमेरिकेतल्या प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये २,५०० मध्ये १ पासून २,००,००० मध्ये १ इतकी मांडली होती. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलं आहे की स्वतःच्या भविष्यातल्या वापरासाठी नाळेतलं रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही. अपवाद एकच: घरात मोठं मूल अशा आजाराचं असेल की जो या पेशींनी बरा होतो, आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर जरूर साठवावं. सख्ख्या भावंडांचा ऊतीगट पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, त्यामुळे तिथे त्या रक्ताला अर्थ आहे. दुधाचे दात, वारेच्या ऊती, मासिक पाळीचं रक्त वगैरे साठवून देण्याच्या ज्या जाहिराती अधूनमधून दिसतात, त्यांना तर या तत्त्वांनुसार परवानगीच नाही.

कंपनीने यावर उत्तर तयार ठेवलं होतं. तुमच्या एकट्याचं रक्त नाही, आमच्या सगळ्या सभासदांचा साठा तुम्हाला खुला, आई-वडील आणि आजी-आजोबांसकट. ऐकायला चांगलं आहे. पण हे म्हणताना कंपनी कबूल करते की गरज पडली तर लागणार ते दुसऱ्याचं रक्त. आणि दुसऱ्याचंच लागणार असेल तर त्यासाठी दान केलेलं नाळेचं रक्त गरजूला देणाऱ्या सार्वजनिक पेढ्या आणि दात्यांच्या नोंदणी याद्या आहेत. जगभरच्या याद्यांत मिळून चार कोटींहून अधिक दाते नोंदलेले आहेत. सार्वजनिक पेढीत येणारे बरेचसे नमुने पेशी कमी म्हणून बाद होतात; खासगी पेढीत मात्र पैसे भरलेल्या माणसाचा नमुना ठेवावाच लागतो. भर म्हणजे आई किंवा वडिलांकडून अर्ध्या जुळणीवर मज्जा घेऊन प्रत्यारोपण करण्याची पद्धत गेल्या पंधरा-वीस वर्षांत इतकी सुधारली की जुळणारा दाता न मिळालेल्यांसाठीही वाट निघाली. घरातला जिवंत माणूस हाच आता दाता.

पन्नास वर्षांनंतरचं काय?

इथपर्यंत भाची पटलेली होती, जावईबापू अर्धे. त्यांचं म्हणणं योग्य होतं: "हे सगळं आजचं झालं. ते लोक तर म्हणतात पुढे काय काय निघेल कोणास ठाऊक. तेव्हा हाताशी असलेलं बरं नाही का?"

हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. भविष्यातल्या विज्ञानावर माझा विश्वास आहे. त्यासाठीच मी हा विषय शिकवते. म्हणून नाळेचं रक्त बाजूला ठेवून आम्ही एकच पाहिलं: १९८८ नंतर जी 'भविष्यं' खरोखर आली, ती कोणत्या पेशी घेऊन आली?

२००६ मध्ये जपानचे शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतल्या साध्या पेशीत चार जनुकं घालून तिला पुन्हा भ्रूणातल्यासारखी मूळ पेशी बनवलं. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीत ते जमलं. २०१२ चं नोबेल त्यांना आणि जॉन गर्डन यांना मिळालं. म्हणजे ज्या पेशी जन्माच्या वेळी जपून ठेवल्या नाहीत तर कायमच्या हातच्या गेल्या असं सांगितलं जातं, तशाच, किंबहुना जास्त अष्टपैलू पेशी साठाव्या वर्षीही चमचाभर रक्तातून घडवता येऊ लागल्या. उपचार म्हणून त्यांची वाट अजून पुष्कळ बाकी आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

दुसरं भविष्य आपल्या मुंबईतच आलं. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा स्मारक रुग्णालयाबरोबर कार-टी उपचार तयार केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. यात रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, यंत्राने वेगळ्या काढतात, त्यांच्यात कर्करोगपेशी ओळखणारं जनुक घालतात, त्या वाढवतात आणि परत देतात. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार इथे काही लाखांत बसवण्याची धडपड अभिमान वाटावा अशीच आहे. आणि या पेशी येतात त्याच माणसाच्या त्याच दिवसाच्या रक्तातून. जन्माच्या वेळी काय साठवलं होतं, हे तिथे कोणी विचारत नाही.

तिसरं, थॅलेसेमिया आणि सिकलसेलवरचा जनुक-संपादनाचा, म्हणजे पेशीतल्या जनुकात नेमका बदल करण्याचा उपचार, कॅसजेव्ही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्यानंतर लगेच मंजूर केला. मंजुरीच्या वेळची किंमत २२ लाख डॉलर, वय १२ वर्षांपुढचं. मूळ पेशी कुठून घेतात? रुग्णाच्या मज्जेतून, औषध देऊन रक्तात उतरवून. चौथं त्याहून पुढचं. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात यकृताच्या एका दुर्मीळ जनुकीय विकाराने जन्मलेल्या बाळासाठी, फक्त त्याच्या एकट्यासाठी, सहाएक महिन्यांत जनुक-संपादक घडवला गेला आणि मेदाच्या सूक्ष्म थेंबांतून शिरेवाटे दिला गेला. पेशी बाहेर काढाव्याच लागल्या नाहीत.

नाळेच्या रक्तालाही भविष्य आहे, हे इथे सांगायलाच हवं. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एका उपचारात नाळेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना देतात. त्याने मात्रेची जुनी अडचण बऱ्याच अंशी सुटते. पण ते रक्तही दान केलेलं, परक्याचं. मेंदूच्या पक्षाघातावर, म्हणजे सेरेब्रल पाल्सीवर, ड्यूक विद्यापीठात जोअ‍ॅन कर्ट्झबर्ग यांच्या गटाने स्वतःच्याच नाळेचं रक्त देऊन पाहिलं. २०१७ च्या चाचणीत मुख्य निकष पूर्ण झाला नाही, जास्त मात्रा मिळालेल्या मुलांत मात्र थोडी सुधारणा दिसली. पुढचे प्रयोग परक्या दात्यांचं रक्त घेऊनही झाले आणि उपयोग त्यातही दिसला. स्वमग्नतेवरच्या (ऑटिझमवरच्या) चाचणीत तर मुख्य निकष हाती लागलाच नाही; आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करत नाही असं स्पष्ट सांगितलं. वर्गातल्या पडद्यावर मात्र स्वमग्नता यादीत होती. भाचीच्या वहीत ती मी पाहिली आणि मनापासून वाईट वाटलं, कारण त्या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी घरी स्वमग्न मूल असेल.

साठवणुकीच्या बाजूचा सगळ्यात तगडा युक्तिवाद मी स्वतःहूनच जावईबापूंपुढे मांडला, कारण कंपनीने तो मांडलाच नव्हता. माणसाच्या रक्ताच्या मूळ पेशींत दर वर्षी साधारण १७ नवे जनुकबदल साचत जातात. सत्तरीत पोचेपर्यंत बहुतेकांच्या रक्ताचा मोठा भाग थोड्याच पेशींच्या वंशजांवर चालतो, आणि त्यातून कर्करोगाचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा वयात जन्मवेळच्या कोऱ्या पेशी परत मिळाल्या तर? कल्पना म्हणून ही मला मोहवते. पण ती खरी व्हायला काय काय जुळून यावं लागेल ते पाहा. थोड्याशा पेशी अनेक पटींनी वाढवण्याचं तंत्र इतकं पक्कं व्हावं लागेल की धडधाकट म्हाताऱ्याला ते सुरक्षितपणे देता येईल. जुनी मज्जा आधी रिकामी करावी लागेल, आणि आज ते विषारी औषधांनीच होतं. संपादनाने किंवा यामानाकांच्या वाटेने तेच काम स्वस्तात होऊ नये. आणि कंपनी सत्तर वर्षं टिकावी.

कंपनी टिकणं ही साधी गोष्ट नाही. २०१९ मध्ये युरोपातली या धंद्यातली एक मोठी कंपनी कोसळली आणि दोन लाखांहून अधिक कुटुंबांचे नमुने पोलंडमधल्या दुसऱ्या कंपनीकडे गेले. आपला नमुना नेमका कुठे आहे हे पालक कित्येक महिने विचारत होते. २०२३ मध्ये सिंगापूरमध्ये, जिथे देखरेख कडक समजली जाते, एका पेढीच्या काही टाक्यांचं तापमान योग्य मर्यादेवर गेल्याचं उघड झालं आणि एका टाकीतले सुमारे २,२०० नमुने निकामी ठरले. आमच्या हातातल्या करारात, इंग्रजीत आणि बारीक टाइपात, दोन कलमं होती: नमुना उपचाराला उपयोगी पडेलच अशी हमी कंपनी देत नाही, आणि तो खराब झाला तर भरपाई भरलेल्या शुल्कापुरती. जावईबापूंनी ती कलमं दोनदा वाचली आणि करार मिटून ठेवला.

नाळ बांधायची घाई

भाचीला ज्या मुद्द्याने निर्णय घेता आला तो वेगळाच होता. बाळ जन्मल्यावर नाळ काही वेळ ठोके देत असते आणि वारेतलं रक्त बाळाकडे जात असतं. नाळ किमान एक मिनिट बांधू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीन मिनिटांपर्यंत थांबलं तर बाळाला ८० ते १०० मिलिलिटर जास्तीचं रक्त मिळतं, आणि त्यातलं लोह पुढचे काही महिने पुरतं. ज्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, तिथे हे लोह काही किरकोळ नव्हे. पेढीला हवं असतं तेही हेच रक्त. थांबलं तर पिशवीत कमी येतं, पिशवी भरायची तर बाळाला कमी जातं. थोडं थांबून उरलेलं गोळा करतात, पण मग पेशींची संख्या आणखी घटते.

भाची म्हणाली, "म्हणजे ते रक्त वाया जातच नाही. ते तिचंच आहे, तिलाच जाऊ दे." मुलगीच होणार असं तिने धरूनच ठेवलं होतं.

फाइलमधला दुसरा कागद

करार शोधताना मी फाइल पूर्ण चाळली होती. सोनोग्राफी, साखरेची तपासणी, आणि तिसऱ्या महिन्यातला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. हिमोग्लोबिन १०.२. त्याखाली कोणी खूण केलेली नव्हती. लाल पेशींची संख्या ५२ लाख, म्हणजे अजिबात कमी नाही. पेशीचा सरासरी आकार, एमसीव्ही, ६३. तो ८० ते १०० असायला हवा. लोहाची कमतरता असेल तर पेशी लहान होतात आणि सहसा कमीही होतात. पेशी लहान आणि संख्येने भरपूर, असं दिसलं की थॅलेसेमियाच्या वाहकाची शंका घ्यायची. आकाराला संख्येने (दशलक्षांत) भागायचं, ६३ भागिले ५.२, उत्तर साधारण १२. ते १३ च्या खाली आलं की शंका पक्की होते. १९७३ पासून वापरात असलेली ही साधी खूण आहे. भाची गेले कित्येक महिने लोहाच्या गोळ्या घेत होती आणि हिमोग्लोबिन जागचं हललं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करायला पाठवलं. हिमोग्लोबिन ए२ आलं ५.२ टक्के, साडेतीनच्या आत हवं. भाची थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक. तिला स्वतःला यातून आजार नाही. पण नवराही वाहक असेल तर दर गरोदरपणात थॅलेसेमिया मेजर बाळ होण्याची शक्यता चारात एक: सहा महिन्यांच्या आसपासपासून जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं आणि साचलेलं लोह काढण्याची औषधं.

सासूबाई म्हणाल्या, "हे सिंध्यांत असतं ना?" हा समज मुंबईत सरसकट आहे. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरं, पण भारतात सरासरी तीन ते चार टक्के लोक वाहक आहेत आणि आपली मराठी कुटुंबं त्यातून सुटलेली नाहीत. देशात दर वर्षी दहा हजारांहून अधिक मेजर बाळं जन्मतात.

जावईबापूंचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस त्या घरात कठीण गेले. खरं तर ही तपासणी तिसऱ्या महिन्याच्या आत, किंबहुना लग्नाआधीच व्हायला हवी. दोघंही वाहक निघाले तर दहा ते बारा आठवड्यांत वारेतला कण तपासून गर्भाचं निदान करता येतं. परळला केईएमच्या आवारातली आयसीएमआरची रक्तविज्ञान संस्था हे काम वर्षानुवर्षं करते आहे. सातव्या महिन्यात ते दार बंद झालेलं असतं. मी दोघांना तेव्हाच एक सांगून ठेवलं होतं: जावईबापूही वाहक निघाले तर या घरात ज्या एका आजाराची खरी भीती आहे, त्यात बाळाचं साठवलेलं रक्त उपयोगी पडणार नाही, कारण तोच दोष त्याच रक्तात असेल. उपयोगी पडेल ते जुळणारं भावंड. बोरिवलीला महापालिकेच्या केंद्रात अशा मुलांची मज्जा प्रत्यारोपणं होतात. पुढे कधी संपादनाचा उपचार आवाक्यात आलाच तर लागणाऱ्या पेशी बाळाच्या मज्जेत असतीलच.

रिपोर्ट आला: २.६. ते वाहक नव्हते. मेजरची भीती संपली. बाळ वाहक असण्याची शक्यता निम्मी राहते, पण त्याचं ओझं नाही, फक्त माहिती असायला हवी.

काय ठरलं

पॅकेज घेतलं नाही. कंपनीच्या मुलीला जावईबापूंनी स्वतः फोन करून नीट सांगितलं. भाचीच्या डॉक्टरांनी लोहाची पातळी, फेरिटिन, तपासून गोळ्या बदलल्या आणि फॉलिक अ‍ॅसिड वाढवलं. नाळ उशिरा बांधायची हे फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. ऐन वेळी, विशेषतः सिझर झालं तर, गडबडीत हे राहून जातं. दोघांनी मज्जादात्यांच्या यादीत नाव नोंदवायचं ठरवलं: जावईबापूंनी लगेच, भाचीने बाळंतपणानंतर. गालाच्या आतल्या बाजूचा बोळा द्यायचा, एवढंच काम. ज्या शहरात १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' हा अतिदुर्मीळ रक्तगट शोधला, त्या शहरात आजही त्या गटाच्या माणसाचा जीव दात्यांच्या याद्या आणि फोनाफोनी यांच्यावरच वाचतो. भारतीयांचे ऊतीगट परदेशी याद्यांत सहज सापडत नाहीत. सत्तर हजार एका टाकीत घालण्यापेक्षा एक नोंदणी मला मोलाची वाटते, आणि हे मी त्या दोघांना स्पष्ट सांगितलं.

बाळंतपण सिझरनेच झालं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर थांबून मग नाळ बांधली. मुलगी झाली.

वर्षभराच्या आत ए२ चा आकडा भरवशाचा नसतो, म्हणून तिची एचपीएलसी पहिल्या वाढदिवसानंतर करायची आहे. तेवढ्यात भाचीच्या धाकट्या भावाचं, ठाण्याला असतो त्याचं, लग्न ठरलं. त्याला मी आधी तपासून घ्यायला लावलं. तोही वाहक निघाला. होणाऱ्या सुनेच्या घरी हे कसं सांगायचं यावर माझ्या बहिणीने दोन रात्री काढल्या. शेवटी तो स्वतःच मुलीशी बोलला, आणि ती म्हणाली, "चल, उद्याच करून टाकू." तिचा रिपोर्ट स्वच्छ आला.